पंचवीस रुपये आणि कायम ठेव

मेळाव्याची तयारी सुरू झाली तेव्हा आपल्या ग्रुपवर पहिला प्रस्ताव आला तो प्रवेशद्वाराचा. शाळेला दगडी कमान बांधायची आणि तिच्यावर आपल्या तुकडीचे वर्ष कोरायचे. कमानीला माझा विरोध नाही. पण आयुष्यभर मी इतिहास शिकवला. शिक्षणासाठी दिलेल्या पैशाचे पुढे काय झाले, हे शोधण्याची मला सवय आहे. त्यातले थोडे या स्मरणिकेच्या निमित्ताने मांडते.

१९०७ मध्ये भीमराव आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमधून मॅट्रिक झाले. कॉलेजात पैशाची अडचण आली तेव्हा कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला आणि महाराजा सयाजीराव गायकवाडांनी दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्याच शिष्यवृत्तीवर, दरमहा साडेअकरा पौंडांवर, ते तीन वर्षांसाठी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. करारानुसार १९१७ मध्ये ते बडोद्याच्या नोकरीत रुजू झाले. पण जातीमुळे त्यांना त्या शहरात राहायला जागा मिळेना. पैशाने पदवी मिळाली, मान मात्र मिळाला नाही.

तरीही ते २५ रुपये वाया गेले नाहीत. बाबासाहेबांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज आणि १९५० मध्ये औरंगाबादला कॉलेज सुरू झाले. तेच पुढचे मिलिंद महाविद्यालय. आपल्या वऱ्हाडातल्या गाडगेबाबांनी पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ मध्ये याच संस्थेच्या हाती सोपवली. स्वतः कधी शाळेत न गेलेल्या माणसाने दिलेली ही देणगी आहे. एका विद्यार्थ्याला मिळालेल्या मदतीतून अशी हजारोंची सोय झाली.

आता थोडे माझ्याबद्दल. मुलींची गळती थांबावी म्हणून १९८३ पासून आपल्या राज्यात सावित्रीबाई फुले दत्तक पालक योजना सुरू झाली. शिक्षक, अधिकारी, गावातले कोणी नोकरदार गरीब मुलीचे पालकत्व घेत आणि दरमहा काही रक्कम देत. आमच्या दारव्ह्याकडच्या खेड्यातल्या शाळेत मला वर्गाच्या बाईंनीच दत्तक घेतले होते. बाई पैसे वहीत घालून देत. वही तपासून परत दिली की त्यात नोट असे. वर्गाला ते कळत नसे. पुढे दुसऱ्या एका ठिकाणी वह्यावाटप झाले, तेव्हा सगळ्यांसमोर नावे पुकारून आम्हाला फोटोसाठी उभे केले. वह्या चांगल्या होत्या, पण त्या दिवशी मी घरी जाताना त्या ओढणीखाली लपवून नेल्या.

माझ्या शेजारी बसणारी मुलगी गणितात माझ्यापेक्षा हुशार होती. तिच्या दत्तक पालकांची बदली झाली आणि मदत थांबली. दोष कोणाचाच नव्हता. त्या वर्षी पावसाने दगा दिला, ती कापूस वेचायला जाऊ लागली आणि परत आली नाही. बाईंचीही बदली झाली, पण त्या नव्या गावाहून मनिऑर्डर पाठवत राहिल्या, म्हणून मी आठवीला आपल्या शाळेत पोहोचले. आजच्या मेळाव्याच्या यादीत तिचे नाव नाही, कारण ती दहावीच्या वर्गापर्यंत आलीच नाही. दत्तक पालकत्वाचे बळ मला त्या बाईंनी दाखवले, आणि त्याची मर्यादा या मैत्रिणीने. सगळे एका माणसाच्या आठवणीवर आणि पगारावर अवलंबून असते.

म्हणून मला नागपूरचे उदाहरण महत्त्वाचे वाटते. १९८३ मध्ये अमरावती विद्यापीठ होईपर्यंत आपल्या जिल्ह्यातली कॉलेजे नागपूर विद्यापीठाकडे होती. त्या विद्यापीठाला कामठीच्या रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी मृत्युपत्राने सुमारे ३५ लाख रुपये ठेवले. पैसा उपयोजित विज्ञानाच्या शिक्षणासाठी वापरावा, अशी त्यांची इच्छा होती. १९३० चा तो काळ! त्यातून १९४२ मध्ये लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे आपली एलआयटी उभी राहिली. तिथे तेलाचे तंत्रज्ञान शिकवतात. आपल्या कापसाच्या मुलुखात सरकीच्या तेलाचे मोल वेगळे सांगायला नको. आता तर ते स्वतंत्र विद्यापीठ झाले आहे. देणाऱ्याने त्यातली एक वीटही पाहिली नाही. पण कोणाची बदली झाली, कोणाला विसर पडला, म्हणून तिथले शिक्षण थांबले नाही.

अर्थात ठेवसुद्धा आपोआप टिकत नाही. पाच टक्क्यांनी हजार रुपयांचे वर्षाचे व्याज ५० रुपये. कधीकाळी त्यात एका मुलाची वर्षभराची पुस्तके येत. आज एक जाड वही येते. गावोगावच्या शाळांच्या फलकांवर कुणाच्या स्मरणार्थ ठेवलेली अशी किती बक्षिसे नुसती नावापुरती उरली आहेत! मूळ रकमेत भर पडत नाही, आणि व्याज सगळे वाटले जाते, म्हणून हे होते.

शेतकरी आत्महत्यांमुळे आपल्या जिल्ह्याचे नाव देशभर गेले, तेव्हा कितीतरी लोकांनी मुलांच्या शिक्षणाची जबाबदारी घेतली. त्या मदतीचे मोल मोठेच आहे. पण बातम्या थांबतात, मूल मात्र पुढच्या वर्गात जातच असते.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच. कमानीसाठी जमेल त्यातला मोठा वाटा शाळेच्या नावे कायम ठेवीत टाकावा. व्याजाचा चौथा हिस्सा दरवर्षी मूळ रकमेत मिळवावा. प्रत्येक मेळाव्याला तुकडीने त्यात भर घालावी. मदत घेणाऱ्या मुलांची निवड शिक्षकांनी करावी आणि त्यांची नावे प्रार्थनेला, फलकावर किंवा ग्रुपवर येऊ नयेत. मूल आठवीत आले की दहावी होईपर्यंत मदत थांबणार नाही, एवढी हमी आधी द्यावी.

माझा पहिला हप्ता मी बाईंच्या स्मरणार्थ जमा केला आहे. पावतीवर त्यांचे नाव आहे. फलकावर ते लावू नका. वहीत नोट घालून देणाऱ्या बाईंना ते आवडले नसते.