न्हाणाचे मखर आणि नंतरचे मौन

गेल्या जत्रेच्या वेळी आम्ही कुलदेवतेच्या दर्शनास फोंड्याकडे गेलो होतो. अग्रशाळेत आमच्या शेजारच्या खोलीत वडोद्याहून आलेले एक कुटुंब उतरले होते. आजी, सून आणि बारा वर्षांची नात. पालखीच्या दिवशी पहाटे त्या मुलीच्या रडण्याचा आवाज आला. आपणांस काही भयंकर रोग जडला, असे तिच्या मनाने घेतले होते. मुलगी हुशार, चार भाषा बोलणारी. परंतु आई महिन्यातून चार दिवस देवघराकडे फिरकत नाही आणि त्याचे कारण विचारावयाचे नसते, यापलीकडे तिला काही ठाऊक नव्हते.

हे मौन आपल्याकडे फार प्राचीन आहे, असा आपला सर्वांचाच समज असतो. आम्हांस तसे वाटत नाही. भाषाच पाहावी. नेहमीच्या विटाळासाठी 'बाहेरची', 'दूर बसणे', 'कावळा शिवणे' हे आडपडद्याचे शब्द. परंतु पहिल्या वेळेसाठी 'न्हाण आले', 'पदर आला', 'शहाणी झाली' हे उघड मिरवण्याचे शब्द! पहिली गोष्ट मुलांपासून लपवावयाची, तर दुसरी साऱ्या आळीला सांगावयाची होती.

आणि ती खरोखरच सांगितली जात असे. मुलीस न्हाण आले की तिला मखरात बसवीत. आप्तेष्टांच्या बायका येत, ओटी भरीत, गोडधोड आणीत. ऐपत असेल तेथे वाजंत्रीही लागे. चौथ्या दिवशी मंगलस्नान होई. मग ऋतुशांती, फलशोभन, गर्भाधान असा क्रम लागे. पंढरपूरच्या काशीनाथशास्त्री उपाध्यायांनी १७९० साली सिद्ध केलेल्या 'धर्मसिंधू'त प्रथम रजोदर्शनाचे स्वतंत्र प्रकरणच आहे. मास, तिथी, वार, नक्षत्र यांवरून शुभाशुभ पाहावयाचे आणि काळ दुष्ट निघाल्यास शांती करावयाची. ज्या घटनेचे मुहूर्तफळ भटजी पाहतात, ती घटना गुप्त कशी राहील?

तथापि हा उत्सव कोणासाठी होता, हेही पाहिले पाहिजे. मखरातली ती मुलगी विवाहित असे. लग्न आठव्या-नवव्या वर्षीच उरकलेले असल्याने न्हाण म्हणजे आता सून नांदावयास योग्य झाली, याची दोन्ही कुळांना दिलेली द्वाही. फुले तिच्या डोक्यावर, पेढे गावाला. परंतु तिच्या शरीरात काय घडले आणि आता तिच्यापुढे काय वाढून ठेवले आहे, हे तिला नीट समजावून सांगण्याचा विधी मात्र त्या साऱ्या विधींत कोठेच नव्हता. ते काम एखाद्या मायाळू आत्याबाईवर किंवा थोरल्या जावेवर सोडलेले असे.

पुढे हीच घटना भर सभेत चर्चेला आली. १८६० च्या दंडसंहितेने संमतीचे वय १० वर्षे ठरविले होते. १८९० साली कलकत्त्यास फुलमणी नावाच्या दहा-अकरा वर्षांच्या विवाहित बालिकेच्या मृत्यूचा खटला गाजला. पतीसमागमाने तिचा अंत झाला होता. १८९१ च्या जानेवारीत सर अँड्रू स्कोबल यांनी ही मर्यादा १२ वर्षांवर नेणारे विधेयक मांडले. विरोधकांचा मुख्य आक्षेप असा की, प्रथम ऋतूलाच गर्भाधान करणे ही शास्त्राज्ञा, आणि ऋतू बाराव्या वर्षाआधीही येतो. म्हणून हा धर्मात हात घालणे होय. लोकमान्यांनी 'केसरी'तून विरोधाची बाजू लढविली. मालवणचे डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी त्याच वर्षी शास्त्राच्याच आधाराने उलट दाखवून दिले. गृह्यसूत्रांतील विवाहानंतर चौथ्या रात्रीचे चतुर्थीकर्म पाहिले की त्या काळी वधू जाणती असे, हे उघड होते. मनूनेही ऋतू प्राप्त झालेल्या कन्येने तीन वर्षे वाट पाहून मग स्वतः वर शोधावा, असे म्हटले आहे. १९ मार्च १८९१ रोजी कायदा झाला. घरात ज्या गोष्टीविषयी मुलीशी कोणी चकार शब्द बोलत नव्हते, तिच्यावर पुण्या-मुंबईचे विद्वान महिनोन्‌महिने स्तंभ लिहीत होते! स्वतः मुलीच्या बाजूने बोलणाऱ्या स्त्रिया मात्र विरळा. रखमाबाईंनी १८८५ साली 'एक हिंदू स्त्री' या सहीने इंग्रजी पत्रांतून बालविवाहाची दुःखे मांडली, हे त्यातील ठळक उदाहरण.

नंतर विवाहाचे वय वाढत गेले. वडोद्यास सयाजीरावांनी १९०४ सालीच मुलींसाठी १२ वर्षांची मर्यादा घातली. १ एप्रिल १९३० पासून ब्रिटिश मुलखात सारडा कायद्याने ती १४ झाली. गोव्यात तेव्हा पोर्तुगीज अंमल असल्याने तो कायदा तेथे लागू नव्हता. वय वाढल्याने मुलीचे केवढे कल्याण झाले, हे सांगणे नको. परंतु एक गोष्ट त्या धांदलीत निसटली. आता न्हाण माहेरी, लग्नाआधी येऊ लागले. आणि ऋतू आलेली कन्या घरात ठेवणाऱ्या पित्याला स्मृतिकारांनी नरक सांगितलेला! सुधारक बापाने कायदा मानला, मुलीला शाळेत घातले, परंतु लोकापवादाच्या धास्तीने न्हाण लपविले. मखर गेले, त्याच्या जागी बोलणे मात्र आले नाही. आमच्या तर्काने आजचे मौन आहे ते या शंभर-सव्वाशे वर्षांतले.

याहून मोकळा सूर आपल्याच परंपरेत पूर्वी उमटला होता. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी शिष्यांना सांगितले की, शरीराच्या इतर द्वारांतून मळ जातो तसाच हा एक. त्याचा विटाळ कसला? चोखोबांच्या सोयराबाईंनीही अभंगातून देहाच्या विटाळावर नेमके बोट ठेवले. १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' काढणाऱ्या र. धों. कर्व्यांवर खटले भरण्यात आले, हा आपल्या सभ्यतेचा प्रताप.

त्या दिवशी अग्रशाळेत आजींनी नातीला जवळ घेतले. दहा ते पंधरा वर्षांच्या दरम्यान हे सर्व मुलींना होते, पहिले वर्ष-दोन वर्षे दिवस मागेपुढे होतात, रक्त पाहून वाटते तेवढे जात नाही, फार तर काही चमचे, असे साधेपणाने सांगितले. सून दाराशी उभी राहून ऐकत होती. तिला स्वतःला हे कोणी सांगितले नसावे. मग आजींनी आपल्या आईची हकीगत काढली. गोव्यात १९३६ च्या सुमारास, वयाच्या अकराव्या वर्षी, तिला मखरात बसविले होते. अबोलीचे वळेसर, खांद्यावर शालू, पुढ्यात नारळांची रास.

मुलगी रडणे विसरून ऐकत होती. पणजीला आधी कोणी सांगितले होते का, असे तिने विचारले.

"नाही गो," आजी म्हणाल्या, "तिला वाटले, आपले पुन्हा लग्न लावताहेत."