पट्टेवालं डुक्कर आणि एक मत

१८३८ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, डेडहॅम गावी स्थानिक पलटणीची कवायत होती. मैदानात एका पठ्ठ्याने तंबू ठोकला आणि जाहीर केलं : पट्टेवालं डुक्कर बघा, तिकीट सहा सेंट. आत पट्टे रंगवलेलं डुक्कर खरोखरच होतं. आणि तिकिटावर रमचा एक पेला फुकट!

ही शक्कल लढवावी लागली, कारण त्याच वर्षी कायदा झाला होता : कडक दारू पंधरा गॅलनपेक्षा, म्हणजे साधारण ५७ लिटरपेक्षा, कमी विकायची नाही. हेतू दारू कमी करण्याचा. पण अख्खं पिंप विकत घेऊन तळघरात ठेवणाऱ्याचं यात काय अडणार? अडलं ते रोजच्या मजुरीतून एक पेला घेणाऱ्याचं. दारूच्या बऱ्यावाईटाचा वाद सोडून द्या. कायदा नेमका कुणासाठी आहे, हे लोकांना स्वच्छ दिसत होतं.

त्यावर सही करणारे गव्हर्नर एडवर्ड एव्हरेट व्हिग पक्षाचे. मोठे विद्वान, नामांकित वक्ते. त्यांच्यासमोर डेमोक्रॅट मार्कस मॉर्टन. पेशाने न्यायाधीश, आणि १८२८पासून दरवर्षी उभं राहून दरवर्षी पडणारे. (हो, तिथे तेव्हा गव्हर्नरची निवडणूक दरवर्षी व्हायची. आणि न्यायाधीश असूनही ते ती लढवत.)

१८३९चा निकाल असा : मॉर्टन ५१,०३४, एव्हरेट ५०,७२५, इतर ३०७. म्हणजे ३०९ मतांची आघाडी. पण नियमाप्रमाणे नुसती आघाडी पुरत नव्हती, एकूण मतांच्या निम्म्याहून जास्त मतं लागत. एकूण मतं १,०२,०६६. निम्मी ५१,०३३. मॉर्टन यांच्याकडे बरोब्बर एक जास्त! त्यांच्या एका मतदाराने दुसऱ्या कुणाचं नाव टाकलं असतं, तर निवड विधिमंडळाकडे गेली असती, आणि तिथे बहुमत व्हिगांचं होतं.

मतपत्रिकांत खोट काढायला व्हिगांना वाव होता. एव्हरेट यांनी मात्र निकालाला आव्हान दिलं नाही. मला या सगळ्या गोष्टीत हे सगळ्यात मोठं वाटतं.

१८४०मध्ये तो कायदा रद्द झाला. त्याच वर्षीच्या निवडणुकीत मॉर्टन पुन्हा पडले. एव्हरेट राजदूत म्हणून लंडनला गेले. पुढे १८६३मध्ये गेटिसबर्गला तेच दोन तास बोलले, आणि त्यांच्यानंतर लिंकन दोन-तीन मिनिटं.