'कॅप्टन'चे हिंदी आणि 'कृष्णविवरा'ची मराठी

एप्रिल १९८४ मध्ये राकेश शर्मा 'सॅल्यूत-७' या सोव्हिएत अंतराळस्थानकात होते, तेव्हा पंतप्रधान इंदिरा गांधींशी झालेले त्यांचे संभाषण दूरदर्शनवर दाखवले गेले. वरून भारत कसा दिसतो, या प्रश्नाला त्यांनी इक्बालांच्या गीतातून उत्तर दिले, हे सर्वश्रुत आहे. भाषेच्या अभ्यासकाला त्यात आणखी एक गोष्ट जाणवावी. अंतराळाविषयीच्या या प्रश्नोत्तरात एकही पारिभाषिक शब्द नव्हता. घरात बोलली जाते तशी हिंदुस्थानी पृथ्वीबाहेर जाऊन परत आली होती.

पुढे पाचेक वर्षांनी त्याच पडद्यावर काल्पनिक अंतराळ अवतरले, ते मात्र निराळ्या भाषेत. 'स्पेस सिटी सिग्मा' ही मालिका आमच्या पिढीतील अनेकांनी शेजाऱ्यांच्या दिवाणखान्यात, सतरंजीवर बसून पाहिली. तिचा नायक कॅप्टन तारा. त्याच सुमारास, १९८९ मध्ये, आनंद महेंद्रू यांची 'इंद्रधनुष' आली; संगणक आणि परग्रहावरचा पाहुणा हे तिचे कौतुकाचे विषय. त्याआधी ऐंशीच्या दशकात मूळ इंग्रजी 'स्टार ट्रेक' दूरदर्शनवर दाखवली जात होती. संवाद फारसे कळत नसले, तरी 'कॅप्टन कर्क' एवढे कानात राहिले. कर्कपासून तारापर्यंत आणि तिथून केतन मेहता यांच्या १९९८ मधल्या 'कॅप्टन व्योम'पर्यंत एक सरळ रेघ ओढता येते.

या नावांची घडण पाहण्याजोगी आहे. हुद्दा इंग्रजी, नाव संस्कृत. अधिकार बाहेरून आलेला, अस्मिता आतली. ही युक्ती मालिकाकारांनी शोधलेली नाही. आपल्या उपग्रहांची नावे 'आर्यभट' (१९७५), 'भास्कर' (१९७९), 'रोहिणी' (१९८०) अशी ठेवताना शासनानेही हेच केले होते. फार कशाला, 'आकाशवाणी' आणि 'दूरदर्शन' ही माध्यमांची नावेच पुराणातल्या चमत्काराची आठवण देणारी आहेत. यंत्र नवे असले की त्याला जुने नाव द्यायचे, म्हणजे ते परके वाटत नाही.

'कॅप्टन व्योम'मधील 'विश्वप्रमुख' हे पद तर या भाषेचा कळसच म्हणावे लागेल. ती भूमिका टॉम ऑल्टर यांनी केली, हा योगही अर्थपूर्ण आहे. दिसायला गोरा, उच्चाराने अस्सल उर्दू-हिंदी असा हा नट हिंदी चित्रपटांतून वर्षानुवर्षे इंग्रज अधिकारी म्हणून वावरला होता. भविष्यकाळाने त्याला साऱ्या जगाचे प्रमुखपद दिले. परंतु या भविष्यात कोणी कोणत्याच गावचे नसते. कुणाच्या बोलण्याला हेल नाही, कुणाच्या तोंडी शिवी नाही. कोल्हापूरच्या प्रेक्षकाला तर हे फारच जाणवायचे. यान कोसळते आहे आणि एकानेही 'आयला' म्हणू नये! प्रदेश, जात, बोली हे सारे जणू पृथ्वीवर ठेवूनच ही माणसे निघाली होती. समतेचे चित्र म्हणून ते आकर्षक होते, पण ते प्रश्न सोडवून आलेले नव्हते, वगळून आलेले होते.

दृश्यभाषेचेही तसेच. 'रामायण' आणि 'महाभारत' यांतील अस्त्रे आणि सिग्मावाल्यांच्या किरणबंदुका एकाच तऱ्हेने लखलखत. युक्तिदृश्यांचे हे पौराणिक वळण आमच्या गावाला नवे नाही. बाबूराव पेंटरांनी १९२० मध्येच 'सैरंध्री'त कीचकवध दाखवून प्रेक्षकांना हादरवले होते.

याच काळात मराठी गद्य काय करत होते? १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत 'कृष्णविवर' ही कथा पहिली आली. लेखकाचे नाव नारायण विनायक जगताप. आद्याक्षरे उलटी केली की जयंत विष्णू नारळीकर सापडतात. १९३८ मध्ये कोल्हापुरात जन्मलेले, बनारसला वाढलेले नारळीकर हिंदीतही सहज बोलत. नव्वदच्या दशकात 'ब्रह्मांड' या मालिकेतून त्यांनी खगोलशास्त्र हिंदीतच समजावले. कथेसाठी मात्र त्यांनी मराठी निवडली. त्यांची भाषा अलंकृत नाही, पात्रे बहुधा शास्त्रज्ञ-प्राध्यापक असतात, आणि तीही पुण्या-मुंबईची, हा आक्षेप रास्तच आहे. परंतु 'कृष्णविवर'सारखा अनोळखी शब्द ते साध्या, बोलत्या वाक्यात ठेवतात, आणि तो तिथे रुळतो.

'गंगाधरपंतांचे पानिपत' पाहा. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत दुसऱ्याच एका जगात पोहोचतात. तिथे यान नाही, चमकणारी बटणे नाहीत. ग्रंथालयात एक बखर आहे आणि तिच्यात पानिपतावर विश्वासरावांना लागायची गोळी चुकली आहे. दोन जगांतला सारा फरक एका वाक्यात मावतो, आणि परत आलेल्या पंतांच्या खिशात पुरावा म्हणून उरते ते त्या बखरीचे फाटके पान. विश्वाच्या शाखा फुटण्याची आधुनिक कल्पना इथे मराठीतल्या जुन्या गद्यप्रकाराच्या आधाराने उभी राहते. 'कॅप्टन' आणि 'व्योम' शेजारी शेजारी ठेवून असा सांधा जुळत नाही, असे आमचे मत आहे.

ही कथा आज अकरावीच्या एनसीईआरटी पाठ्यपुस्तकात इंग्रजीतून शिकवली जाते. आमच्या एम.ए.च्या वर्गात ती मूळ मराठीत वाचायला घेतली, तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, हे भाषांतर कोणी केलंय?"