वेळू : झाड की गवत?



विहाराच्या वर्धापनदिनी वेळूवर लेख कशाला, असं कुणी विचारेल. म्हणून सुरुवात वेळुवनापासूनच करतो. मगधाचा राजा बिंबिसार याने राजगृहाजवळची आपली वेळूची बाग भगवान बुद्धांना व भिक्खुसंघाला दान दिली. विहारांची परंपरा दगड-विटांच्या आधी वेळूच्या सावलीत सुरू झाली ती अशी. पालीतला ‘वेळु’ आपल्या आयाबायांच्या तोंडी अजून आहे. आणि राजगृह हे नाव बाबासाहेबांनी दादरच्या आपल्या घराला दिलं, ते आपण जाणतोच.

वेळू म्हणा, कळक म्हणा, बांबू म्हणा, उंचीला झाडासारखा असला तरी तो गवतच. ज्वारी, भात, ऊस यांच्याच कुळातला. त्याच्यापासून सूप, टोपली, रोवळी, कणगी, तट्ट्या, शिडी होते. विदर्भात त्याच्या कोवळ्या कोंबांची, म्हणजे वास्त्यांची, भाजी करतात. बाळाचा पाळणा बांबूचा, इमारतीची परांची बांबूची, आणि शेवटची तिरडीही बांबूचीच.

हे विणकाम पिढ्यान्‌पिढ्या बुरूड समाजाने केलं. हा समाज महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत आहे. ज्याच्या सुपाने साऱ्या गावाचं धान्य पाखडलं, त्याला गावाने खालीच बसवलं!

त्यात इंग्रज सरकारचा १९२७ चा वन कायदा आला. त्यात ‘झाड’ या शब्दाच्या व्याख्येत बांबू घातला. एका शब्दाने केवढा फरक पडावा? तोडायला परवानगी, न्यायला परवाना. आणि तो नसेल तर पिढीजात बांबू आणणारा आदिवासी नि बुरूड गुन्हेगार! कागद गिरण्यांना मात्र तोच बांबू स्वस्तात मिळे. कर्नाटकात एका गिरणीला तो टनामागे दीड रुपयाने दिला गेला, असं शास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी नोंदवून ठेवलं आहे.

पुढे २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज म्हटलं आणि त्यावर गावाचा हक्क मानला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने तो कायदा नीट वाचला आणि २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवला. तरी वाहतूक परवान्यासाठी झगडावं लागलंच. एप्रिल २०११ मध्ये परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं आणि गावाने आपला बांबू आपण विकला. अखेर २०१७ साली, तब्बल नव्वद वर्षांनी, ‘झाड’च्या व्याख्येतून बांबू वगळला गेला. त्याने जंगलाबाहेर, शेता-बांधावर लावलेला बांबू मोकळा झाला.

आम्ही गिरणीत राबलेली माणसं. रजिस्टरात नावापुढे ‘कायम’ लिहिलंय की ‘बदली’, यावर घरची चूल पेटायची. काम तेच, हात तेच, फक्त शब्द वेगळा. म्हणून या गवताची कहाणी आम्हाला परकी वाटत नाही. आपल्याला काय म्हणायचं हे दुसऱ्याने ठरवलं की आपलं पोटही त्याच्याच हाती जातं.

तेव्हा बाजारातून सूप घेताना बुरुडाशी घासाघीस करू नका. आणि मुलांनो, कायद्याचं पुस्तक उघडा, त्यातल्या व्याख्या आधी वाचा. मेंढ्याच्या माणसांनी वाचलं, म्हणून त्यांना मिळालं.

जयभीम! नमो बुद्धाय!