यादी आणि बिल

“दादा, साईट पांढरी पडली.” धुळ्याहून असा फोन आला की जळगावात बसून कारण विचारावं लागत नाही. कुणीतरी डॅशबोर्डवर प्लगइनचं ‘अपडेट’ दाबलेलं असतं. माझ्या लॅपटॉपवर तीच साईट ठणठणीत. इथं जुनं व्हर्जन, तिथं नवं, आणि आधी कोणतं होतं याची नोंद कुठंच नाही.

या साईट ज्यावर चालतात, ते वर्डप्रेस आलं २००३ च्या मे महिन्यात. प्लगइनची सोय २००४ च्या १.२ मध्ये झाली, थीमची २००५ च्या १.५ मध्ये. झिप उतरवायची, एफटीपीनं चढवायची. २००८ च्या अखेरीस २.७ आलं नि प्लगइन डॅशबोर्डवरूनच बसू लागलं. काम इतकं सोपं झालं की नोंद ठेवायची सवय कुणाला लागलीच नाही.

यावरचा उतारा वर्डप्रेसच्या घरातला नाही. निल्स एडरमनला पीएचपीबीबी या फोरम सॉफ्टवेअरच्या प्लगइनसाठी इन्स्टॉलर हवा होता, तर जॉर्डी बोगियानो सिम्फनी या पीएचपी फ्रेमवर्कच्या गोतावळ्यातला. तिथं बंडलांची, म्हणजे तिथल्या प्लगइनांची, तीच रड. दोघांनी मिळून २०११ मध्ये काम सुरू केलं आणि २०१२ च्या मार्चमध्ये कम्पोझर हे साधन बाहेर आलं. उसनवारी भरपूर: व्हर्जनांचा मेळ घालणारा भाग ओपनसुसे लिनक्सच्या सॉल्व्हरवरून पीएचपीत उतरवलेला, बाकी प्रेरणा रुबीच्या बंडलरची आणि नोडच्या एनपीएमची.

यातली खरी करामत दोन फायलींची. आपल्याकडच्या भरिताचंच घ्या. यादीत आपण लिहितो ‘भरताची वांगी’. येताना बामणोदची येतात की आसोद्याची, किती किलो, काय भावानं, हे बिलावर कळतं. ‘कम्पोझर डॉट जेसन’ ही यादी: अमुक प्लगइन, ^५.२, म्हणजे ५.२ पासून पुढचं चालेल, पण ६ नको. ‘कम्पोझर डॉट लॉक’ हे बिल: नेमकं ५.२.३ आलं, आणि त्याच्यासोबत काय काय आलं. वांगी म्हटली की भाजायला काड्या आल्या, तशी एका लायब्ररीमागं दुसरी येतेच. धुळ्याच्या सर्व्हरवर ‘कम्पोझर इन्स्टॉल’ म्हटलं की ते बिल पाहून सामान भरतं. ‘अपडेट’ म्हटलं तर मात्र यादी घेऊन पुन्हा बाजारात जातं. सर्व्हरवर या दोन शब्दांची गल्लत करणाऱ्यानं पांढऱ्या पडद्याची तयारी ठेवावी.

पण वर्डप्रेसची प्लगइनं कम्पोझरच्या बाजारात नव्हतीच. २०१३ मध्ये लंडनच्या आउटलँडिश या सहकारी संस्थेनं डब्ल्यूपॅकजिस्ट काढलं; वर्डप्रेसच्या भांडारातली प्लगइनं आणि थीम कम्पोझरला कळतील अशा नावांनी त्यात मांडली. ‘कम्पोझर इन्स्टॉलर्स’ हे पॅकेज सामान पोचलं की पाटी वाचून प्लगइन प्लगइनच्या फोल्डरात, थीम थीमच्या फोल्डरात ठेवतं. त्यानंतर डॅशबोर्डवरचं बसवण्या-बदलण्याचं बटण बंदच केलेलं बरं. कॉन्फिग फाइलमध्ये एक ओळ घातली की झालं. त्यावर फोन करणारे धुळ्याचे भाऊ आठवडाभर रुसले होते.

एका प्लगइनला दुसरं लागतं हे सांगायची अधिकृत सोय खुद्द वर्डप्रेसमध्ये यायला २०२४ चं ६.५ उजाडलं. विकतच्या थीम डब्ल्यूपॅकजिस्टवर मिळत नाहीत. त्यांच्या झिप माझ्याकडे अजून पेनड्राइव्हवर आहेत, नावापुढे तारीख टाकलेल्या.