गृहसर्व्हरवरील अदृश्य खाती : नामांच्या इतिहासाच्या दृष्टीने

संगणकाच्या खातेयादीकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची प्रथा आपल्या अभ्यासविषयात फारशी रूढ नाही. वस्तुतः नाशिकच्या इंदिरानगरातील एखाद्या घरी, कुटुंबाची छायाचित्रे व कागदपत्रे सांभाळण्यासाठी ठेवलेल्या साध्या डेबियन यंत्रावरील 'पासडब्ल्यूडी' ही फाइल वाचावयास घेतली, तर जुने दप्तर उघडल्याचाच प्रत्यय येतो. घरात माणसे तीन-चार, आणि यादीत नावे विसाच्या आसपास! प्रवेशाच्या पडद्यावर ती दिसत नाहीत, म्हणून त्यांना 'लपलेली' म्हणतात. हे विशेषण यथार्थ नव्हे. ही फाइल यंत्रावरील कोणाही वापरकर्त्यास वाचता येते. डेबियनमध्ये ० ते ९९ हे क्रमांक कायमचे नेमून दिलेले, १०० ते ९९९ हे सेवांना गरजेप्रमाणे द्यावयाचे, आणि माणसांची गणना १००० पासून पुढे. पडदा एवढीच शेवटची पंगत दाखवितो.

युनिक्सचा आरंभ १९६९ साली बेल प्रयोगशाळेत केन टॉम्पसन व डेनिस रिची यांनी केला. त्या परंपरेचे थर या नावांत साचलेले आहेत. 'एलपी' हे खाते ओळीओळीने छापणाऱ्या मुद्रकाचे. 'यूयूसीपी' हे दूरध्वनीच्या तारेवरून एका युनिक्स यंत्राच्या फाइली दुसऱ्याकडे नेण्याच्या व्यवस्थेचे. ही व्यवस्था घरगुती यंत्रावर आज कोणी चालवीत नाही. तरी १० हा क्रमांक तिच्याच नावे आहे. पाचव्या रकान्याचे नाव तर याहून बोलके आहे. त्यास 'गेकॉस' म्हणतात. जनरल इलेक्ट्रिकच्या त्या नावाच्या प्रणालीवर चालणाऱ्या यंत्राकडे बेल प्रयोगशाळेतून छपाईची कामे जात, त्यांसाठी लागणारी ओळख या रकान्यात असे. आज तेथे वापरकर्त्याचे पूर्ण नाव लिहितात. फाइलीचे नाव परवलीच्या शब्दावरून पडलेले, पण तो शब्द केव्हाच दुसऱ्या फाइलीत गेला. त्याच्या जागी आता केवळ 'एक्स' हे अक्षर उरले आहे.

'डीमन' या नावाचा अर्थ भूत किंवा राक्षस असा करणे चुकीचे होईल. १९६३ च्या सुमारास मॅसॅच्युसेट्स तंत्रसंस्थेतील मंडळींनी तो शब्द मॅक्सवेलच्या कल्पित द्वारपालावरून उचलला. मुळात ग्रीक 'डायमोन' म्हणजे देव आणि मानव यांच्या मधली शक्ती. कोकणातील 'राखणदार' हा शब्द मला अधिक जवळचा वाटतो.

आपल्याकडे याला समांतर उदाहरण वतनी नामांचे आहे. मुंबई राज्याच्या १९५० च्या कायद्याने परगणे व कुलकर्णी वतने रद्द झाली, महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने मुलकी पाटलांचे पद गेले. कुलकर्णी व पाटील ही आडनावे मात्र राहिली. पण साम्य येथेच संपते. वतनात अधिकार कुळास चिकटलेला असे. येथे माणूसच नाही, केवळ अधिकार आहे, आणि तोही जाणूनबुजून तोकडा केलेला. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा' या खात्याने संकेतस्थळाची सेवा चालते. त्या सेवेत कोणी घुसखोर शिरला, तरी शून्य क्रमांकाच्या 'रूट'चे सर्वाधिकार त्यास आपोआप लाभत नाहीत. ओपनएसएसएचने २००२ साली आपल्या सेवेचे विभाजन केले तेही याच तत्त्वावर.

अनोळखी नाव दिसताच ते पुसून टाकावे, असा मोह गृहस्थास होतो. त्यात धोका आहे. फाइलीची मालकी नावाने नव्हे, क्रमांकाने नोंदलेली असते. खाते पुसले तरी फाइली त्या क्रमांकाच्याच राहतात. पुढे तोच क्रमांक नव्या सेवेस मिळाला, तर जुन्याचा सारा वारसा तिच्याकडे न मागता जातो. म्हणूनच पुष्कळ पॅकेजे काढून टाकल्यावरही आपली खाती मागे ठेवतात. शंका आलीच, तर नाव सोडून ओळीचा शेवटचा रकाना पाहावा. तेथे 'नोलॉगिन' असेल, तर त्या नावाने कोणी आज्ञा देण्यास बसू शकत नाही. सेवेच्या खात्यापुढे खरी आज्ञावली आढळली, किंवा 'रूट'खेरीज आणखी कोणाचा क्रमांक शून्य असला, तर मात्र चौकशी तत्काळ करावयास हवी.