समागमानंतरची झुंज

डार्विनने 1871 साली मांडलेली नरांची स्पर्धा शिंगांची, सुळ्यांची आणि पिसाऱ्यांची होती. मीलन झाले की ती संपली, असाच बहुतेकांचा समज राहिला. तो मोडला शेणावरच्या पिवळ्या माशीने. ब्रिस्टलजवळच्या कुरणांत जीवशास्त्रज्ञ जेफ पार्कर यांनी 1960च्या दशकात या माशा न्याहाळल्या. मादी अनेक नरांशी जुगते आणि शुक्राणू साठवते. किरणोत्साराने वंध्य केलेले नर वापरून पार्करनी हिशेब काढला: शेवटच्या नराच्या वाट्याला सुमारे 80 टक्के अंडी. म्हणूनच मादीने अंडी घालेपर्यंत नर तिला सोडत नाही. ही माया नव्हे, पहारा आहे. 1979 साली तर टाचणी या कीटकाच्या नराचे जननेंद्रिय आधीच्या नराचे शुक्राणू खरवडून काढते, हे अमेरिकेत दिसून आले; अवयवाची घडणच या चढाओढीची साक्ष देऊ लागली.

मग मादी म्हणजे नुसता आखाडा काय? आक्षेप रास्त आहे, आणि विल्यम एबरहार्ड यांनी 1996 मध्ये तो पुस्तकभर मांडला. कोणाचे शुक्राणू वापरायचे यात मादीचाही हात असतो. पण त्यामुळे स्पर्धा खोटी ठरत नाही. मादी स्पर्धेचे नियम बदलते, इतकेच. मादीला नियम बदलू दिले नाहीत तर काय होते, तेही त्याच वर्षी दिसले: विल्यम राइस यांनी प्रयोगशाळेत फळमाशीच्या माद्यांची उत्क्रांती रोखून नरांची चालू ठेवली, तेव्हा काही डझन पिढ्यांतच ते नर माद्यांना अधिक घातक ठरले.